प्रज्ञा गटाच्या यादीत नाव यावं म्हणून काय करावं?

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. इतरांसाठी आधी थोडक्यात सांगते. तुमची मुलगी सोलापुरात अनुदानित मराठी शाळेत चौथीत आहे. शाळेत पाचवीपासून निवडक मुलांचा ‘प्रज्ञा गट’ चालतो. सहामाहीनंतर वर्गाच्या बाईंनी कच्ची यादी केली, त्यात तिचं नाव नाही. घरी तुम्ही तेलुगू बोलता. तिचे वडील चादरीच्या कारखान्यात आहेत. मुलीला पंचाहत्तरच्या आसपास टक्के पडतात, वह्या अपुऱ्या असतात, वर्गात बडबडते म्हणून निरोप येतात. पण वडिलांचा डबा द्यायला गेली की मागावर फिरणारी भोकांच्या पुठ्ठ्यांची माळ (चादरीवरची नक्षी याच पुठ्ठ्यांनी ठरते) बघत उभी राहते. एकदा तिने वडिलांना सांगितलं की फूल कुठल्या पुठ्ठ्याला सुरू होतं आणि किती पुठ्ठ्यांनी परत येतं. तुम्ही विचारता: आयक्यू चाचणी करून रिपोर्ट शाळेत नेऊन द्यावा का?

माझं उत्तर असं: इतक्यात नको. रिपोर्ट लागलाच तर शेवटी. त्याआधी करायच्या चार-पाच गोष्टी आहेत आणि त्यांनीच बहुतेक वेळा काम होतं.

मी सोलापुरातल्या शाळांमधून सव्वीस वर्षं समुपदेशनाचं काम केलं, त्यातला मोठा काळ तेलुगू विणकरांची वस्ती असलेल्या पूर्व भागात. या काळात निवडीच्या अनेक बैठकांना बसले. तिथे एक गोष्ट दरवेळी दिसली. यादी करणारा माणूस मुलांना जाणूनबुजून डावलत नाही. त्याला जे दिसतं त्यातून तो निवडतो. पन्नास-साठ मुलांच्या वर्गात बाईंना काय दिसतं? वही, चाचणीचे गुण, वर वर येणारा हात, मराठीतून दिलेलं उत्तर. तुमच्या मुलीचं सगळ्यात चांगलं काम कारखान्याच्या दारात, तेलुगूत, वडिलांसमोर होतंय. बाईंनी ते पाहिलेलंच नाही. तिच्यात काही आहे की नाही हा इथे प्रश्नच नाही. जे आहे ते निवडणाऱ्यापर्यंत पोचलेलं नाही, ही खरी अडचण आहे.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या मोकळेपणाने सांगते. असा गट चालवण्याचं शाळेवर कायद्याने बंधन नाही. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात विशेष गती असलेल्या मुलांना ओळखावं, त्यांच्यासाठी विषयांची मंडळं असावीत असं म्हटलं आहे, पण त्यावर बोट ठेवून प्रवेश मागता येत नाही. म्हणजे तुम्ही विनंती करणार आहात, हक्क बजावणार नाही, आणि बोलण्याचा सूर त्याप्रमाणे ठेवावा लागतो. शिवाय मोठ्या बाई (मुख्याध्यापिका) कशा आहेत, गटात जागा किती, यादी कोण पक्की करतं, हे शाळेशाळेत वेगळं. मी सांगते ते सगळं तुमच्या शाळेत जसंच्या तसं लागू पडेल असं नाही.

सगळ्यात आधी, तो गट नेमकं काय करतो ते शोधून काढा. हे पालक विचारतच नाहीत. ‘प्रज्ञा’ हा शब्द ऐकला की नाव लागलं पाहिजे, एवढंच डोक्यात बसतं. मी पाहिलेल्या अशा गटांपैकी निम्म्याहून जास्त ठिकाणी शाळा सुटल्यावर एक तास शिष्यवृत्तीच्या सराव प्रश्नपत्रिका सोडवून घेतात. ते वाईट नाही, गरजू घरातल्या मुलाला त्याचा फायदाच होतो. पण ज्या मुलीला लिहायचा कंटाळा आहे आणि जिचं डोकं नक्षीत चालतं, तिला रोज पंच्याहत्तर पर्यायी प्रश्न दिले तर दोन महिन्यांत ती त्या गटाला विटेल. काही शाळांत मात्र खरोखर वेगळं काम होतं: प्रकल्प, कोडी, प्रयोग, वाचन, शेतावर किंवा कारखान्यात भेट. तेव्हा बाईंना सरळ विचारा की आठवड्यातून किती तास असतात, त्यात मुलं काय करतात, आणि गेल्या वर्षीच्या मुलांनी केलेलं एखादं काम बघायला मिळेल का. उत्तर ‘प्रश्नपत्रिका’ असं आलं तर घाई सोडा, खाली दुसऱ्या वाटा सांगते. ‘प्रकल्प’ असं आलं तर पुढचं वाचा.

आता पुरावा. पुरावा म्हणजे जाडजूड फाइल नव्हे. एक छोटी वही घ्या आणि सहा आठवडे रोज नाही, पण काही घडलं की तारखेसह लिहा. ‘खूप हुशार आहे’, ‘सगळं पटकन कळतं’ असं एकदाही लिहू नका, ते प्रत्येक आई लिहिते. काय घडलं तेवढंच लिहा. तिने काय विचारलं, तेलुगूत विचारलं असेल तर तेलुगूतच टिपा आणि शेजारी मराठी अर्थ. एखादी गोष्ट जमली नाही तेव्हा तिने काय केलं? हे फार महत्त्वाचं आहे. जोसेफ रेंझुली या अमेरिकन शिक्षणतज्ज्ञांनी १९७८ साली मांडलं की सरासरीपेक्षा वरची क्षमता, नवं सुचणं आणि हाती घेतलेल्या कामाला चिकटून राहणं या तीन गोष्टी जिथे एकत्र येतात तिथे प्रज्ञा दिसते. त्यातली पहिली गुणांत थोडीफार दिसते, उरलेल्या दोन गुणांत दिसत नाहीत. त्या घरीच दिसतात, म्हणून आईची वही मोलाची. पुठ्ठ्यांचं उदाहरण घ्या. ती एकदा मोजून थांबली की दुसऱ्या दिवशी पुन्हा जाऊन ताळा केला? दुसऱ्या नक्षीला तोच हिशोब लावून पाहिला का? आपलं चुकलंय हे तिचं तिला कळलं का? मी निवडीला बसलेली असते तर या तीन उत्तरांवर परीक्षेतल्या नव्वद टक्के गुणांपेक्षा जास्त भरवसा ठेवला असता.

आणि वहीत तिच्या विरुद्ध जाणाऱ्या गोष्टीही लिहा. कुठे अडते, कशाला टाळते. अशी वही बाईंना खरी वाटते.

एक सावधगिरी. लवकर काम संपवणारं प्रत्येक मूल प्रज्ञावान नसतं, आणि वर्गात गडबड करणारंही नसतं. ‘कंटाळा येतो म्हणून मस्ती करते’ हे मी शेकडो पालकांकडून ऐकलं. काहींच्या बाबतीत ते खरं होतं, बऱ्याच जणांच्या बाबतीत झोप कमी होती, किंवा शेजारी बसणारी मैत्रीण तशी होती. तुमच्या मुलीच्या अपुऱ्या वह्यांबद्दल मला वेगळीच शंका येते. आधी तिचे डोळे तपासून घ्या, फळ्यावरचं नीट दिसतं का बघा. मग तिला घरी दहा ओळी लिहायला सांगा आणि तेवढ्याच दहा ओळी तोंडी सांगायला सांगा. तोंडी झरझर सांगते आणि लिहिताना हात दुखतो, अक्षरं गळतात, ओळ सुटते, असं दिसलं तर लेखनाची अडचण असू शकते. बुद्धी तल्लख आणि लिहिणं अवघड, हे एकाच मुलात असतं आणि अशी मुलं यादीतून हमखास सुटतात, कारण त्यांच्या एका बाजूने दुसरी झाकली जाते. तसं असेल तर गटाआधी त्या अडचणीवर मदत हवी.

मुलींबद्दलही एक सांगायलाच हवं. निवडीच्या बैठकांत मुलाबद्दल ‘हुशार आहे, पण आळशी’ असं बोललं जायचं आणि तशाच मुलीबद्दल ‘बेशिस्त आहे’. नीटनेटक्या मुलीला ‘मेहनती’ म्हणायचे, ‘हुशार’ क्वचित. बोलणाऱ्यांत शिक्षिकाही असायच्या, त्यांच्या मनात काही वाईट नसायचं. पण त्याचा परिणाम यादीवर होतो, हे तुम्ही लक्षात ठेवून जा. हे बैठकीत बोलून मात्र दाखवू नका, समोरचा माणूस बचावात जातो.

भेट कधी घ्यायची? सोलापुरात गड्ड्याची यात्रा जवळ आली की शाळांत स्नेहसंमेलन, सहली, क्रीडा स्पर्धा यांची गर्दी होते आणि जानेवारीभर कुणाला निवांत बोलायला वेळ नसतो. पुढे वार्षिक परीक्षेची तयारी. एप्रिलमध्ये यादी पक्की झाल्यावर गेलात तर ‘पुढच्या वर्षी बघू’ हेच ऐकायला मिळेल. म्हणून दिवाळीच्या सुट्टीनंतरचे पाच-सहा आठवडे सर्वांत चांगले. आधी वर्गाच्या बाईंनाच भेटा, थेट मोठ्या बाईंकडे जाऊ नका. बाईंना डावलून वर गेलेल्या पालकाचं काम क्वचितच होतं, झालं तरी मुलीला वर्गात त्याची किंमत मोजावी लागते.

बोलायचं काय? ‘माझ्या मुलीचं नाव का नाही?’ अशी सुरुवात नको. मी पालकांना असं सुचवायची: ‘बाई, घरी ती असं असं करते. वर्गात तुम्हाला असं काही दिसतं का? तुमचं मत हवं होतं.’ आणि मग थांबायचं. खरोखर ऐकायचं. कधीकधी बाई अशी गोष्ट सांगतात जी तुम्हाला माहीत नसते. नंतर एवढंच विचारा की गटातल्या एखाद्या कामाला तिला दोन-तीन वेळा बसवून बघता येईल का. ‘निवड करा’ यापेक्षा ‘बसवून बघा’ हे मान्य करणं शाळेला कितीतरी सोपं जातं. मी पाहिलेल्या उशिरा झालेल्या निवडींपैकी बहुतेक अशाच झाल्या. बाईंनी होकार दिला किंवा नाही दिला, तरी त्यांना सांगून मुख्याध्यापकांना एक पानाचा अर्ज द्या, वहीतल्या चार नोंदी त्यात उतरवा आणि पोच घ्या.

आता चाचणीकडे येते. बुद्धिमापनाची पहिली चाचणी आल्फ्रेड बिने यांनी १९०५ साली पॅरिसमध्ये तयार केली, ती शाळेत मदत लागणारी मुलं ओळखण्यासाठी. मुलांची उतरंड लावण्यासाठी ती नव्हती. आपल्याकडे बिने यांच्या चाचणीचं कामतांनी मराठी आणि कन्नड मुलांसाठी केलेलं रूप वापरतात. दुसरी मेलिन यांची, १९६९ सालची, नागपुरात तयार झालेली, सहा ते पंधरा वर्षांच्या मुलांसाठी. अशा चाचण्यांत सरासरी १०० धरतात आणि १३० च्या वर साधारण शंभरात दोन मुलं येतात. म्हणजे पन्नासच्या वर्गात एखादं. पण या चाचण्यांचे निकष जुने आहेत. पिढ्यांमागून पिढ्या मुलांचे गुण वाढत गेलेले असल्याने जुन्या निकषांवर आजच्या मुलाचा आकडा जरा फुगून येतो. त्यामुळे कुणी ‘१३८ आला’ म्हणून नाचू नये, आणि १२४ आला म्हणून रडूही नये. कुठलाही आकडा नेमका नसतो, त्याच्या थोडं खाली-वर असा एक पट्टा धरायचा असतो, रिपोर्टमध्ये तो पट्टा लिहिलेला असावा.

तुमच्या घरासाठी त्याहून मोठा मुद्दा भाषेचा. मेलिन यांच्या चाचणीत एक भाग शब्दांचा असतो: माहिती, शब्दांचे अर्थ, साम्य सांगणं. दुसरा हाताने करायचा: ठोकळ्यांची नक्षी, चित्रातली उणीव, तुकडे जुळवणं. कामाच्या सुरुवातीच्या वर्षांत मी तेलुगू घरातल्या एका मुलाची चाचणी मराठीतून घेतली. शब्दांत तो अडखळत होता, ठोकळ्यांच्या नक्षी मात्र माझ्या अपेक्षेच्या निम्म्या वेळात लावत होता. मी दोन्हींची सरासरी काढली आणि ‘सर्वसाधारण’ असं लिहून दिलं. शाळेने तो कागद फायलीला लावला आणि चार वर्षं ते लेकरू त्या एका शब्दाखाली राहिलं. आठवीत गणिताच्या सरांच्या लक्षात आलं, तोवर त्याचा स्वतःवरचा विश्वास बराच गेला होता. ही माझी चूक होती आणि मला ती अजून सलते. त्यानंतर मी दोन भागांत मोठी तफावत असेल तर एकत्र आकडा लिहिणंच सोडलं, आणि घरी तेलुगू, कन्नड किंवा उर्दू असेल तर भाषेशिवायची चाचणी सोबत घेऊ लागले. ब्रिटनमधल्या जॉन रेव्हन यांनी १९३८ मध्ये पहिल्यांदा प्रसिद्ध केलेल्या आकृत्यांच्या चाचण्या त्यासाठी चालतात. आकृतीतला हरवलेला तुकडा ओळखायचा असतो, बोलावं लागत नाही. लहान मुलांसाठी त्यातली रंगीत चाचणी आहे.

म्हणून कधी चाचणी करायचीच झाली तर भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असलेल्या मानसशास्त्रज्ञाकडे करा. घरी तेलुगू बोलतो हे आधीच सांगा, सूचना तेलुगूत देता येतील का विचारा. सकाळची वेळ घ्या. सर्दी-ताप असेल तर पुढे ढकला. आणि कृपा करून चाचणीसाठी तयारी करून घेऊ नका. बाजारात मिळणारी कोडी महिनाभर सोडवून नेलेल्या मुलाचा आकडा त्याच्याबद्दल काहीच सांगत नाही, आणि पुन्हा तीच चाचणी लगेच घेताही येत नाही. चाचणीची खरी गरज मला दोनच ठिकाणी वाटते: लेखनाची अडचण आणि बुद्धी यांचा गुंता सोडवायचा असेल तेव्हा, किंवा शाळेनेच मागितली असेल तेव्हा. तुमच्या मुलीच्या बाबतीत पहिलं कारण असू शकतं, म्हणून वरची दहा ओळींची परीक्षा आधी घेऊन बघा.

इथवरचा क्रम पुन्हा सांगते, कारण पत्र लांबलं: गट काय करतो ते विचारा, डोळे आणि लेखन तपासा, वही ठेवा, जानेवारीआधी बाईंना भेटून ‘बसवून बघा’ म्हणा, मग अर्ज. चाचणी या सगळ्यानंतर.

आणि नाव नाहीच लागलं तर? तेव्हाही बरंच काही उरतं. शिष्यवृत्ती परीक्षेला ती शाळेच्या गटाशिवायही बसू शकते. दोन पेपर, प्रत्येकी १५० गुण. पहिल्यात मराठी आणि गणित, दुसऱ्यात इंग्रजी आणि बुद्धिमत्ता. पूर्वी ही परीक्षा चौथी-सातवीला होती, २०१६-१७ पासून पाचवी-आठवीला गेली आणि आता शासनाने पुन्हा चौथी-सातवीकडे वळवायचं ठरवलं आहे. तुमची मुलगी नेमकी या बदलात सापडते, म्हणून यंदा बसायचं की पुढच्या वर्षी ते मुख्याध्यापकांकडून लगेच पक्कं करा. पाचवीत नवोदयची, म्हणजे केंद्र सरकारच्या निवासी शाळेची, परीक्षा देता येते. आपल्या जिल्ह्याचं नवोदय मोहोळ तालुक्यात पोखरापूरला आहे. दोन तासांत ८० प्रश्न, त्यातले ४० मानसिक क्षमतेचे, आणि ते आकृत्यांचे. नक्षी वाचणाऱ्या मुलीला हा भाग आवडेल. पण किमान ७५ टक्के जागा ग्रामीण मुलांना असल्याने शहरातल्या मुलीला चुरस फार आहे, परीक्षा एकदाच देता येते आणि सहावीपासून वसतिगृहात राहावं लागतं. तिला आणि तुम्हाला ते झेपेल का हे आधी ठरवा. सहावीत होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धा आहे, तिच्यात लेखी परीक्षेनंतर प्रात्यक्षिक आणि प्रकल्प असतो. ज्ञान प्रबोधिनीने प्रज्ञावान मुलांसाठी पुण्यात १९६२ पासून काम केलं आहे, सोलापुरातही त्यांचं केंद्र आहे, तिथे जाऊन एकदा बोला. आणि रविवारी केगावच्या विज्ञान केंद्रात तिला घेऊन जा. एखाद्या उपकरणापाशी अर्धा तास थांबायचं म्हणाली तर थांबू द्या.

या सगळ्यात मुलीला काय सांगायचं, हे तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगते. यादीचं तिच्यासमोर बोलू नका. चाचणी झाली तर आकडा तिला कधीच सांगू नका, आजी-आजोबांनाही नाही, तो तासाभरात गल्लीत पोचतो. आकडा कळलेली काही मुलं पुढे अवघड काम टाळतात, कारण चुकलं तर आकडा खोटा ठरेल अशी भीती बसते. गटात बसवून बघणार असतील तर एवढंच सांगा, ‘तिथे वेगळी कामं असतात, तुला बघायची आहेत का?’ ती नको म्हणाली तर तेही ऐका.

येत्या रविवारी एक करा. दुकानातून आलेख कागद आणा आणि तिला म्हणा, त्या फुलाचे पुठ्ठे कसे फिरतात ते मला यात चौकोन भरून दाखव. मदत करू नका, खोडलं तरी चालेल. बाजूला ती जे बोलेल ते तेलुगूतच टिपून ठेवा. बाईंना भेटायला जाल तेव्हा वहीत सगळ्यात वर तो कागद ठेवा.